मे महिन्यात खड्डे, मृगात झाडं

मेच्या भर उन्हात नर्सरीतून जाईचं रोप आणायचं, त्याच संध्याकाळी कुंपणाकडेला वीतभर खड्डा उकरून ते खोचायचं, आणि जून लागता लागता वाळलेली काडी बघून "आमच्या मातीत काही येतच नाही" म्हणायचं. आमच्या कॉलनीत दरवर्षी कुठल्या ना कुठल्या घरी हे होतंच. माती बिचारी काही करत नाही, कामाचा क्रम तेवढा उलटा झालेला असतो.

मी कऱ्हाडला माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. त्यामुळे उन्हाळ्याची सुट्टी मुलांइतकीच माझीही, आणि तिचा बराचसा भाग अंगणात जातो. आमची कॉलनी वसण्याआधी इथे उसाचा मळा होता. माती काळी, चिकट, उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा पडणारी. सुट्टीत डोंबिवलीहून भाचेमंडळी येतात. दुपारी मोबाइल आणि संध्याकाळी माती, असा आमचा त्यांच्याशी तह झालेला आहे. पुढे लिहिलंय ते या मातीचं आणि या हवेचं. मुरमाड जागेत किंवा कोकणात जिथे फरक पडतो तिथे तसं सांगते.

हिशेब साधा आहे. रोहिणी नक्षत्र २५ मेच्या सुमारास लागतं, मृग ७-८ जूनला, आणि शाळा १५ जूनच्या आसपास उघडतात. म्हणजे सुट्टीचा मोठा भाग खड्डे, खत आणि मांडव यांचा, आणि शेवटचा आठवडा लावणीचा. विदर्भात शाळा जूनअखेरीला उघडतात आणि पाऊसही जरा मागाहून येतो, त्यामुळे तिथेही गणित जुळतंच.

जागा ठरवताना

सुट्टीचे पहिले दोन-तीन दिवस काही खणू नका. सकाळी आठ, दुपारी बारा आणि संध्याकाळी चार, असं तीनदा अंगणात जाऊन ऊन कुठे आहे ते बघा. मुलांना रांगोळीची डबी द्या आणि सावलीच्या कडा आखायला सांगा. आमच्याकडे हे काम धाकटी भाची करते आणि दोन वेळा आखताना मोठ्या भावाशी भांडते.

यात एक मेख आहे. कऱ्हाडच्या अक्षांशावर मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्यानंतर ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत तो दुपारी किंचित उत्तरेकडे असतो. म्हणून घराच्या उत्तरेच्या भिंतीवरही सध्या चांगलं ऊन दिसतं. त्यावर विसंबू नका. डिसेंबरात त्याच जागी दिवसभर घराची सावली असते. बोगनवेल तिथे लावलीत तर ऐन बहराच्या दिवसांत ती नुसती पानं दाखवेल. उत्तरेला सावली सोसणारं काहीतरी घ्या: अबोली, अडुळसा, पुढे ओलावा टिकू लागला की नागवेल. बोगनवेल, जास्वंद, मोगरा, जाई-जुई यांना दक्षिणेची किंवा पूर्वेची बाजू ठेवा. पश्चिमेची भिंत उन्हाळ्यात तापते. तिच्यापासून हातभर सोडून वेलीचा मांडव केला तर झाडाचंही भलं आणि आतल्या खोलीचंही.

मग जमिनीखालचं बघा. पाण्याची पाइप, ड्रेनेजचे चेंबर, शोषखड्डा, बोअरची केबल कुठून गेलीय ते घर बांधलं तेव्हा हजर असलेल्या माणसाला विचारा. आमच्याकडे सासऱ्यांना सगळं तोंडपाठ आहे. पाइपपासून झुडूप निदान तीन फूट आणि भिंतीपासून दोन फूट लांब हवं. कंपाउंडला अगदी चिकटून लावलेली जास्वंद अर्धी शेजाऱ्यांकडे फुलते, आणि फुलं त्यांनी तोडली की मग पहाटे पहाटे कुजबुज सुरू होते.

दोन झाडांत अंतर ठेवताना आजचं वीतभर रोप बघू नका. जास्वंद आणि तगर चार ते पाच फुटांवर. मोगरा तीन फुटांवर. कुंतीचं कुंपण करायचं असेल तर दोन फुटांवर एकेक. पारिजातक म्हणायला झुडूप, पण त्याचं हां हां म्हणता दहा-बारा फुटी झाड होतं. त्याला कोपरा द्या, आणि खाली सडा पडेल अशी मोकळी जमीन ठेवा. फरशीवर पडलेला पारिजातक तुडवला जातो आणि देठांचे केशरी डाग फरशीवर उठतात.

घरात लहान मुलं किंवा गाय-शेळी असेल तर कण्हेर लांब ठेवा. तिचं पान, फूल, खोड सगळंच विषारी असतं. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, त्याहून वाईट, कारण तिची फळं मुलांच्या खेळात येतात. आमच्या लहानपणी आम्हीही बिट्ट्यांनी खेळलो, पण म्हणून मी ती अंगणात लावणार नाही.

खड्डा

सगळ्यात जास्त कष्ट इथे आहेत आणि सगळ्यात जास्त फायदाही इथेच. झुडपासाठी दीड फूट लांब, दीड रुंद, दीड खोल. वेलीला एक फूट रुंद चालेल, पण खोली तीच ठेवा. मुरमात किंवा बांधकामाचा राडारोडा असलेल्या जागेत दोन-दोन फूट घ्या, कारण मुळांना मिळणारी माती तेवढीच.

काळी माती मेमध्ये दगडासारखी झालेली असते. आदल्या संध्याकाळी त्या जागी दोन बादल्या पाणी ओता आणि सकाळी खणा. पहार घेऊन मोठ्यांनी ढेकळं उचकटायची, खोऱ्याने माती ओढायची, आणि मुलांनी घमेल्यात भरून बाजूला टाकायची. वरच्या वीतभर थराची माती एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला. हा भेद पाळा. वरच्या थरात काडीकचरा कुजून कस आलेला असतो, भरताना तीच माती मुळांजवळ जायला हवी. वेळ सकाळी सात ते नऊ किंवा संध्याकाळी पाचनंतर. विटांचा ढीग, जुन्या कुंड्या, पाल्याचे ढिगारे हलवताना आधी काठीने उलटवा. मेमध्ये विंचू गारव्याला तिथेच बसलेले असतात. मुलांच्या पायात बूट हवेतच, चपला नाहीत.

खड्डा झाला की एकदा पाण्याने काठोकाठ भरा. काळ्या मातीत पहिलं पाणी भेगांतून झरकन जातं, त्यावर जाऊ नका. ते जिरलं की पुन्हा भरा आणि मग बघा. सकाळी खड्डा रिकामा असेल तर उत्तम. तळाशी पाणी साचलेलंच असेल तर तिथे पावसाळ्यात मुळं कुजणार. मग जागा बदला, किंवा खड्डा नेहमीसारखा भरून वर फूट-दीड फूट उंचवटा करा आणि झाड उंचवट्यावर लावा. कोकणात जांभ्या दगडाच्या जमिनीवर तर उंचवटाच करा, तिथला पाऊस खड्ड्याची विहीर करून टाकतो.

यानंतर खड्डे दोन-तीन आठवडे उघडे ठेवायचे. ऊन तळापर्यंत पोचतं, जमिनीतल्या किडींची अंडी आणि कोष वर येऊन तापतात, उरलेलं काम साळुंक्या करतात. भाचा दर सुट्टीला विचारतो, "मामी, नुसताच खड्डा? यात लावायचं काय?" त्याला मी सांगते, अजून काही नाही. येणारेजाणारे पडू नयेत म्हणून वर फळी टाकून ठेवतो.

भरायचं मिश्रण: वरच्या थराची माती दोन घमेली, पूर्ण कुजलेलं शेणखत एक घमेलं, निंबोळी पेंड दोन मुठी. माती फार चिकट असेल तर जाडी वाळू किंवा बारीक मुरूम अर्धं घमेलं. तळाशी विटांचे तुकडे आणि वाळका पाला यांचा चार बोटं थर. शेणखत "पूर्ण कुजलेलं" म्हणजे काय ते हातात घेऊन ओळखा: रंग काळपट, हाताला भुसभुशीत, वास ओल्या मातीचा. शेणाचा वास येत असेल किंवा गोळा मोडल्यावर आत हिरवट शेण दिसत असेल तर ते अजून कच्चं आहे.

कच्च्या खताचा आमच्या भागात खास त्रास आहे, तो हुमणीचा. ऊसवाल्यांना हे सांगायला नको. वळवाचा पहिला चांगला पाऊस झाला की तिन्हीसांजेला जमिनीतून तपकिरी भुंगेरे निघतात, कडुनिंबावर आणि बाभळीवर जमतात, तिथे पाला खातात, जोड्या जमवतात, आणि माद्या परत जमिनीत शिरून अंडी घालतात. त्या अंड्यांतून निघालेली पांढरी, इंग्रजी 'सी'सारखी वळलेली अळी पावसाळाभर मुळं खाते. जास्वंद वरून हिरवी दिसते आणि एके दिवशी धरून ओढली की अलगद हातात येते. कच्च्या शेणात या अळ्यांचं फावतं. उपाय मुलांचा लाडका आहे. वळवाच्या संध्याकाळी अंगणातला दिवा लावायचा, त्याखाली पसरट घमेल्यात पाणी आणि थोडं रॉकेल किंवा साबणाचा फेस, आणि कडुनिंबाची फांदी काठीने हलवायची. भुंगेरे टपाटप पडतात, गोळा करून घमेल्यात टाकायचे. मी त्याच वेळी भुंगेऱ्याचे सहा पाय, पंखांवरची कडक झाकणं, अळी-कोष-प्रौढ हे सगळं शिकवून घेते. फळ्यावर काढलेल्या आकृतीपेक्षा ते जास्त लक्षात राहतं.

खड्डा भरताना माती जमिनीच्या वर चार बोटं येईल इतकी भरा. पाऊस पडला की ती बसते. बरोबर सपाटीला भरलात तर जुलैत तिथे खळगा होतो आणि झाड डबक्यात उभं राहतं. हे भरण्याचं काम मेच्या शेवटच्या आठवड्यात करा, म्हणजे एखाद-दुसऱ्या वळवात माती बसूनही जाईल.

मांडव वेलीच्या आधी

बहुतेक घरांत वेल आधी येते आणि ती लोळायला लागली की आधार शोधतात. तोवर ती शेजारच्या तगरीवर चढलेली असते. मांडव मेमध्येच उभा करा. जमीन खणून ठेवलेलीच आहे आणि सुतार, फॅब्रिकेशनवाले पावसाळ्याच्या तोंडाला पत्र्याच्या कामात अडकतात.

आधार कसा हवा, हे वेल चढते कशी यावर ठरतं. कृष्णकमळ, तोंडली, संक्रांतवेल तणाव्यांनी धरतात. तणावा म्हणजे ती स्प्रिंगसारखी बारीक बोटं. जाड पाइपला त्याचा वेढा बसत नाही. त्यांना सुतळी, बारीक तार किंवा जाळी लागते. गोकर्ण आणि गुळवेल स्वतःच आधाराभोवती पीळ घेतात, त्यांना बांबूची काठी पुरते. जाई, जुई आणि बोगनवेल मात्र फांद्या टाकत सुटतात. त्यांना हाताने बांधत न्यावं लागतं. मधुमालती पीळही घेते आणि पसरतेही, आणि भरली की जड होते. तिला लोखंडच हवं. पत्र्याच्या शेडवर किंवा विजेच्या तारेजवळ ती नको.

काल तणावा नीट बघायचा होता म्हणून भाचीला कृष्णकमळापाशी बसवलं. सरळ तणाव्याच्या टोकाला मी काडी नुसती घासत राहिले. थोड्या वेळात टोक काडीच्या बाजूला वाकलं. "त्याला डोळे आहेत का?" तिने विचारलं. डोळे नाहीत, स्पर्श कळतो. ज्या बाजूला काडी लागते त्याच्या उलट बाजू भराभर वाढते आणि म्हणून ते वळतं. हा प्रयोग कोवळ्या तणाव्यावर आणि सकाळी करावा.

माझ्या मांडवाचं माप सांगते. चार खांब, जमिनीवर सात फूट, जमिनीत दोन फूट. सात फूट यासाठी की खालून डोक्यावर पाटी घेतलेला माणूस जावा. खांब जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपचे, वर आडवे पाइप, मधे वीतभर अंतराने जीआय तार ताणलेली. बांबूचा मांडव स्वस्त पडतो आणि दिसतोही छान, पण दोन-तीन पावसाळ्यांत जमिनीलगत कुजतो. बांबूच घ्यायचा तर जमिनीत जाणारा भाग आगीवर काळा होईपर्यंत भाजा, त्यावर डांबर लावा, वाळवी जरा उशिरा येते. वळवाचं एक वादळ मांडवावरून जाऊ द्या. हलला, कलला तर आत्ताच घट्ट करता येईल, वेल चढल्यावर काही करता येत नाही.

मेमध्ये लावता येतं ते

सगळंच जूनवर ढकलायला नको. मुलांना वाट बघवत नाही, आणि काही झाडांना खरंच काही होत नाही.

बोगनवेल उन्हालाच रंगते. तिला मेमध्ये लावा, फक्त मुळांना हात लावू नका. तिची मुळं ठिसूळ असतात. पिशवीचा तळ ब्लेडने कापायचा, गोळा तसाच खड्ड्यात ठेवायचा आणि मग पिशवीच्या बाजूला उभी चीर देऊन ती वर ओढून काढायची. रुजली की पाणी बेताने. फार पाणी मिळालं की ती पानांतच रमते. रंगीत पाकळ्या दिसतात त्या मुळात पानंच आहेत, फूल म्हणजे मधली इवली पांढरी नळी. हे भाचेमंडळींना भिंगाने दाखवा. वाटेकडेला नको, काटे लागतात.

गोकर्णीच्या बिया. साल कडक असते, म्हणून खरखरीत फरशीवर एका बाजूला हलकेच घासायची, रात्रभर पाण्यात ठेवायची, सकाळी फुगलेल्या तेवढ्या पेरायच्या. आठ-दहा दिवसांत उगवतात आणि गणपतीपर्यंत निळी फुलं देतात. सुट्टी संपताना एक जास्तीचं रोप मुळासकट उपटून बघा, मुळांवर गाठी असतील. त्यात हवेतला नत्र धरणारे जिवाणू राहतात. दहावीच्या मुलांनीही ही गाठ प्रत्यक्ष बघितलेली नसते.

गुळवेलीचा तुकडा, अंगठ्याएवढा जाड, हातभर लांब. दोन-तीन दिवस सावलीत पडून राहिला तरी मरत नाही. कडुनिंबाच्या बुंध्याशी अर्धा जमिनीत खोचा. मधुमालतीचं रोपही मेमध्ये तग धरतं, पाणी आणि पहिले काही दिवस सावली मिळाली तर. तिची फुलं संध्याकाळी पांढरी उमलतात, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतात आणि मग लाल. एकाच घोसात तिन्ही रंग असतात.

मोगऱ्याला मेमध्ये हलवू नका, तो ऐन फुलोऱ्यात असतो. फुलं तोडा, गजरे करा. जूनमध्ये त्याचीच खालची फांदी वाकवून मधला पेर किंचित खरवडून मातीत दाबा, वर वीट ठेवा. पावसाळा संपेस्तोवर मुळं सुटलेलं नवं रोप फुकट मिळतं. यालाच दाब कलम म्हणतात. जास्वंदीचं आणखी सोपं: पेन्सिलीएवढी जाड, वीतभर फांदी, पेराच्या लगेच खाली तिरका काप, वरची दोन पानं ठेवून बाकीची काढून टाकायची, सावलीतल्या वाफ्यात दोन पेरं आत जातील अशी खोचायची. फांद्या भरपूर खोचा, काही जातातच. तोंडलीची वेलही अशीच, मात्र फळं धरलेली तुम्ही स्वतः पाहिली आहेत अशाच वेलीची काडी घ्या. कढीपत्त्याला काड्यांची गरज नाही, जुन्या झाडाभोवती मुळांतून फुटवे आलेले असतात. स्वतःची मुळं असलेला फुटवा पावसात वेगळा करा. त्याच्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी सापडली तर मारू नका, ती लिंबाच्या फुलपाखराची किंवा त्याच्या भाऊबंदांची असते. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेला नीलवंतही याच, लिंबू-कढीपत्त्याच्या घराण्यावर वाढतो.

अनंताचं एक सांगायला हवं. त्याला आम्लधर्मी माती लागते. कोकणात लाल मातीत तो खुशाल वाढतो, आमच्याकडे चुनखडीच्या काळ्या मातीत आणि बोअरच्या जड पाण्यावर पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोह मातीत असतं, पण मुळांना घेता येत नाही. हौस असेल तर तो कुंडीत, लाल मातीत आणि पावसाच्या साठवलेल्या पाण्यावर करा.

नर्सरीतून रोप घेताना

मेअखेरीला घ्या. दुपारी जाऊ नका, उन्हात सगळीच रोपं मान टाकतात आणि कुठलं खरंच आजारी आहे ते कळत नाही. फुलांनी लगडलेलं रोप बघून मोह होतो, पण मी बुटकं, खालून दोन-तीन फांद्या फुटलेलं, फूल नसलेलं घेते. पिशवीचा तळ उलटून बघा; मुळं बाहेर येऊन गोल गोल फिरलेली असतील तर रोप पिशवीत फार दिवस पडून आहे. जास्वंदीच्या शेंड्याशी आणि पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण, ते रोप घरी नेऊ नका, सगळ्या अंगणात पसरतो.

आमच्या नर्सरीवाल्यांना मी एकदा विचारलं, सगळ्यात जास्त रोपं कशाने मरतात? ते म्हणाले, "बाई, पाणी जास्त घालून. आणि पिशवी न काढता लावून." दुसरं ऐकून हसू आलं, पण खणताना शेजारच्या घरी तशी पिशवी सापडली आहे.

रोप आणल्यावर चार-पाच दिवस अंगणातच, ज्या जागी लावायचं तिच्याजवळ, सावलीत ठेवा. नर्सरीतल्या हिरव्या जाळीखालून थेट मेच्या उन्हात काढलेलं पान भाजतं.

लावणी

मृगाचा पाऊस चांगला दोनदा पडला, खड्ड्यातली माती आतपर्यंत ओली झाली, की संध्याकाळी लावा. ढगाळ दिवस मिळाला तर सकाळीही चालेल. लावण्याआधी पिशवीसकट रोप पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा, बुडबुडे थांबेपर्यंत. नर्सरीतली लाल माती बऱ्याचदा घट्ट गोळा झालेली असते. काळ्या मातीत तो गोळा कोरडाच राहतो आणि भोवती ओल असून रोप तहानतं. बोगनवेल सोडून बाकीच्यांचा गोळा बाहेरून बोटांनी हलकासा मोकळा करा, गोल फिरलेली मुळं सोडवा.

खोड पिशवीत जिथवर मातीत होतं तिथवरच मातीत जावं. जास्त खोल लावलं की बुंधा कुजतो. माती भरून हाताने दाबा, पायाने नाही. भोवती हातभर लांब कड काढून आळं करा, आणि आळ्याच्या मधे खोडापाशी माती थोडी उंच ठेवा, म्हणजे पाणी खोडाला टेकत नाही. आच्छादनाला आमच्याकडे उसाचं पाचट आयतं मिळतं. तुमच्याकडे वाळका पाला, भाताचं काड, नारळाच्या शेंड्या, जे असेल ते. चार बोटं थर, खोडापासून तळहाताएवढी जागा सोडून. चिकटून पाचट ठेवलं की तिथे वाळवी आणि बुरशी.

मेमध्ये लावलेल्यांना पहिला आठवडा रोज संध्याकाळी एक बादली, पुढे एक दिवसाआड, तीही बोट मातीत खुपसून कोरडं लागलं तरच. चार काड्या रोवून पश्चिमेकडून जुनी साडी किंवा शेडनेट लावा. पाणी कुठलं, हेही बघा. तांदूळ-डाळ धुतलेलं चालतं, एसीचं टपकणारं चालतं. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून बाहेर टाकलेलं आणि कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी रोज नको, त्यात क्षार साठलेले असतात.

पावसाळ्यात आणि नंतर

संततधार लागली की आळ्याची एक बाजू खोऱ्याने फोडून द्या. काळ्या मातीत तीन दिवस पाणी तुंबलं तर मुळं गुदमरतात. उघडीप पडली की कड पुन्हा बांधा. झुडूप गुडघ्याएवढं झालं की शेंडा नखाने खुडा, खालून फांद्या फुटतात. वेलीचं उलट: एक किंवा दोन जोमदार फांद्या ठेवून बाजूचे फुटवे काढत राहा, मांडवाच्या उंचीला पोचली की तिथे शेंडा खुडायचा. जाई-जुईला मांडवावर पसरलेल्या बाजूच्या फांद्यांनाच फुलं येतात, खांबावर नाही.

पिठ्या ढेकूण दिसला तर आधी मुंग्या शोधा. त्या त्याला पाळतात, इकडून तिकडे नेतात. लिटरभर पाण्यात चमचाभर सौम्य साबण घालून जुन्या टूथब्रशने पुसून काढा, दुसऱ्या दिवशी साध्या पाण्याने धुवा. कृष्णकमळावर काटेरी अळ्या येऊन पानं चाळणी झाली तर घाबरू नका, वेल परत फुटते आणि नारिंगी फुलपाखरं फिरू लागतात.

दसरा झाला की ऑक्टोबरचं ऊन लागतं, आणि पावसाच्या भरवशावर राहिलेली नवी झाडं इथे जातात. पाणी पुन्हा सुरू करा. आळं आता दुप्पट रुंद करा, कारण मुळं पुढे सरकलेली असतात आणि खोडाशी ओतलेलं पाणी त्यांना मिळत नाही. बांधलेल्या सुतळ्या तपासा. जूनमध्ये सैल वाटलेली गाठ आता खोडात रुतलेली असते, ती कापून नवी, इंग्रजी आठाच्या (8) आकड्यासारखी बांधा. शेणखताचा दुसरा हप्ता, घमेलंभर, याच वेळी आळ्यात पसरून वर पाचट परत झाका.